काळे मोहरे आले की काय खेळायचं? आधी सी८ च्या उंटाची सोय बघा

मागच्या हिवाळ्यात पिंपळगाव बसवंतहून एक मुलगा दर शनिवारी बुद्धिबळ शिकायला माझ्याकडे यायला लागला. आठवीतला, घरची द्राक्षबाग, बाबा काही कामाने नाशिकला आले की त्याला कॉलेज रोडला माझ्याकडे सोडून पुढे जायचे. पहिल्या दिवशी पट मांडत असतानाच म्हणाला, "काका, पांढऱ्याने मी बरा खेळतो पण काळे आले की दहा चालींच्या आतच माझं काहीतरी जातं." म्हटलं वही दाखव. वहीत काळ्याने खेळलेले सात डाव होते आणि सात डावांत पाच वेगवेगळी ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींच्या ठरलेल्या रचना. एकात सिसिलियन, एकात फ्रेंच, दोनात किंग्ज इंडियनसारखं काहीतरी, बाकीच्यांना नावच देता येत नव्हतं. आदल्या रात्री जो व्हिडिओ बघितला ते दुसऱ्या दिवशी पटावर, असं चाललेलं.

त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण नवीन खेळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं हेच होतं. मुलांचं होतं तसं रिटायर झाल्यावर खेळायला लागलेल्यांचंही होतं. हे वाचायला चाली लिहायची पद्धत यायला हवी, म्हणजे ई४, सी६ ही घरं पटावर कुठे आहेत ते. शक्य असेल तर समोर पट घेऊनच वाचा, नुसतं डोळ्यांनी वाचून यातलं फार काही हाती लागणार नाही.

आधी एक गोष्ट मान्य करून टाका. पांढरा पहिली चाल खेळतो, त्यामुळे त्याला थोडा फायदा असतोच. मोठ्या खेळाडूंच्या डावांचा हिशोब काढला तर पांढऱ्याकडे साधारण ५४-५५ टक्के गुण जातात. म्हणजे काळ्याला ४५ च्या आसपास मिळतातच की! काळ्याने खेळणं म्हणजे शिक्षा नव्हे, फक्त सुरुवातीला तुम्हाला समोरच्याला उत्तर द्यायचं असतं, त्यामुळे तयारीची पद्धत वेगळी लागते. पांढऱ्याने तुम्ही स्वतःला हवं ते खेळू शकता, काळ्याने मात्र समोरचा ई४ खेळेल की डी४ हे तुमच्या हातात नसतं, दोन्हीला उत्तर तयार ठेवावं लागतं. आणि स्पर्धेत साधारण निम्मे डाव काळ्यानेच येणार.

पहिली पायरी, नवीन काही शिकायच्या आधी स्वतःचे शेवटचे वीस काळे डाव काढा. ऑनलाइन खेळत असाल तर लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर सगळे डाव साठवलेले असतात, ते फुकट आहे आणि काळ्याचे डाव वेगळे काढता येतात. समोर बसून खेळत असाल तर स्कोअरशीट, म्हणजे चाली लिहिलेला कागद, जपून ठेवायची सवय लावा, स्पर्धेनंतर हॉलमध्ये खुर्चीखाली पडलेल्या स्कोअरशीट बघितल्या की मला खरंच वाईट वाटतं, तेवढं चांगलं पाठ्यपुस्तक दुसरं मिळत नाही. आता वहीत तीन गोष्टी लिहा. पांढऱ्याने पहिली चाल काय केली. तुम्ही पहिल्यांदा गोंधळलात ती चाल कितवी. आणि डाव संपला तेव्हा तुमचा सी८ चा उंट कुठे होता.

हा तिसरा प्रश्न विचित्र वाटेल, त्या मुलालाही वाटला. पण त्याच्या सातपैकी चार डावांत तो उंट सी८ वरून हललाच नव्हता. डाव संपला तरी घरातच.

का होतं असं ते बघा. काळ्याचा जी८ चा घोडा एफ६ वर येतो, त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. एफ८ चा उंट ई७ वर सरकतो, कॅसलिंग होतं, राजा सुरक्षित. बी८ चा घोडा सी६ किंवा डी७. इथपर्यंत सगळ्यांना जमतं. पण ई६ खेळून प्यादं उंटाच्या वाटेत आणून ठेवलं की सी८ चा उंट कोंडला, आणि तो बाहेर येत नाही म्हणून ए८ चा हत्तीही मधल्या पट्ट्यांवर येत नाही. म्हणजे एका चुकीने दोन मोहरे रिकामे बसले. समोरचा सगळं सैन्य घेऊन येतोय आणि तुम्ही दोन मोहरे कमी घेऊन लढताय, मग दहाव्या-पंधराव्या चालीला काहीतरी जाणारच.

म्हणून काळ्याचं कुठलंही ओपनिंग निवडताना माझा पहिला प्रश्न असतो, यात सी८ चा उंट कुठे जाणार? याचं उत्तर एका वाक्यात देता आलं तर ते ओपनिंग तुम्हाला समजलंय. नाही देता आलं तर तुमच्या फक्त चाली पाठ झाल्यात.

दुसरी पायरी, १. ई४ ला उत्तर. इथे मी जास्त वेळ घेणार आहे कारण नवीन लोकांत बहुतेक डाव ई४ नेच सुरू होतात.

माझी शिफारस कारो-कान. १. ई४ सी६ २. डी४ डी५. नाव दोन खेळाडूंवरून पडलंय, होरॅशियो कारो आणि मार्कस कान, १८८६ च्या सुमारास त्यांनी याचा अभ्यास मांडला. कारपोव्हसारखा जगज्जेता कारकीर्दीच्या उत्तरार्धात हे भरपूर खेळला, तेव्हा हे फक्त नवशिक्यांचं ओपनिंग आहे असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. कल्पना साधी आहे. डी५ ला प्यादं टाकून मध्यावर धडक द्यायची, पण त्याला आधार ई६ ने न देता सी६ ने द्यायचा. ई६ नाही म्हणजे उंटाची तिरकी वाट मोकळी, आधी उंट बाहेर काढायचा आणि मगच ई६ खेळून दार लावायचं. हा क्रम लक्षात राहिला की निम्मं कारो-कान आलं.

आता पांढरा तिसऱ्या चालीला काय काय करतो ते बघू. ३. ई५ ने पुढे गेला तर लगेच उंट एफ५, मग ई६, मग सी५ ने त्याच्या डी४ वर दबाव. यात एकच धोका नीट बघून ठेवा, ४. एच४. साधीच चाल वाटते, तुम्ही नेहमीप्रमाणे ई६ खेळता, आणि मग ५. जी४ उंट ई४ ६. एफ३ उंट जी६ ७. एच५, उंट मेला. जायला घरच नाही. पिंपळगावच्या मुलाचा उंट असाच गेला होता आणि त्याला समजेना की चूक कुठे झाली, कारण ई६ ही तर "बरोबर" चाल होती. ४. एच४ ला उत्तर एच५. तुमचं प्यादं त्याच्या प्याद्याला तिथेच थोपवतं, जी४ चा जोर निघून जातो.

३. घोडा सी३ किंवा घोडा डी२ आला तर डी५ च्या प्याद्याने ई४ मारा, तो घोड्याने मारणार, आणि मग ४... (तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल) उंट एफ५ घोड्यावर. ५. घोडा जी३ उंट जी६ ६. एच४ आला की एच६, न विसरता! हेही तेच, उंटाला मागे जायला एच७ चं घर करून ठेवायचं. तुमच्या लक्षात आलं असेल की प्रत्येक ठिकाणी आपण एकाच मोहऱ्याची काळजी घेतोय.

याच पोझिशनमधला एक फास इथेच सांगून ठेवतो. काही जण चौथ्या चालीला उंट एफ५ ऐवजी घोडा डी७ खेळतात, ती चाल चांगलीच आहे. पण पांढरा ५. वजीर ई२ खेळला आणि तुम्ही विचार न करता दुसरा घोडा एफ६ वर आणलात तर ६. घोडा डी६ मात. खरोखरची मात, सहाव्या चालीला. ई७ चं प्यादं घोडा मारू शकत नाही कारण मागे राजा आणि समोर वजीर, प्यादं तिथेच जखडलेलं, आणि राजाला स्वतःच्याच मोहऱ्यांनी घेरलेलं. एकदा पटावर मांडून बघा, मग आयुष्यभर विसरणार नाही.

३. मारामारी, म्हणजे ई प्याद्याने डी५ आणि सी प्याद्याने परत. हे नवीन लोकांत खूप येतं. पांढरा शांत खेळला, उंट डी३ वगैरे, तर घोडा सी६, घोडा एफ६, उंट जी४. उंटाची सोय झाली. पण ४. सी४ ने आला तर तो पॅनोव्ह अटॅक, तिथे घोडा एफ६ आणि मग ई६. हो, इथे आपण उंट आत ठेवून ई६ खेळतो, नियमाला हा अपवाद, कारण पुढे पांढऱ्याचं डी४ चं प्यादं बहुतेक वेळा एकटं पडतं आणि आपल्याला त्याच्यावर दीर्घकाळ काम करायला मिळतं. उंट नंतर बी६ करून बी७ वर जातो. घाईने बाहेर काढला तर उलट बी७ च्या प्याद्यावर वजीर येऊन बसतो.

एक शेवटचं कारो-कानबद्दल. पांढरा डी४ न खेळता दोन्ही घोडे काढतो, २. घोडा सी३ डी५ ३. घोडा एफ३. इथे सवयीने मारून उंट एफ५ ला जाऊ नका, त्यात पांढऱ्याचा घोडा ई५ वर आणि वजीर एच५ वर येऊन फार त्रास देतात. ३... उंट जी४ खेळा, त्याने एच३ केलं की घोडा मारून टाका आणि ई६. उंट गेला पण घोडा घेऊन गेला, ही पण सोयच झाली.

बाकीचे पर्याय थोडक्यात, म्हणजे तुम्हाला तुलना करता येईल.

फ्रेंच, १... ई६ आणि २... डी५. नाव १८३४ मध्ये लंडन आणि पॅरिस यांच्यात पत्राने झालेल्या सामन्यावरून आलं. भक्कम आहे, उलटा हल्ला करायला छान आहे, पण सी८ चा उंट पहिल्याच चालीला कोंडला जातो आणि त्याला डी७-बी५ किंवा बी६-ए६ अशा आडवाटेने बाहेर काढावं लागतं. ज्यांना बंदिस्त पोझिशनमध्ये धीर धरता येतो त्यांनी जरूर खेळावं. एवढं मात्र पाठ करा, ३. ई५ सी५ ४. सी३ घोडा सी६ ५. घोडा एफ३ वजीर बी६ ६. उंट डी३ आल्यावर डी४ चं प्यादं फुकट दिसतं, पण सी प्यादी मारून झाल्यावर लगेच घोड्याने डी४ मारायला गेलात तर घोड्याला घोडा, वजिराने मारलं की उंट बी५ शह आणि वजीर गेला. आधी उंट डी७, मग प्याद्याचं बघा.

१... ई५. सगळ्यात जुनं आणि खरं सांगायचं तर बुद्धिबळ शिकायला सगळ्यात चांगलं, कारण मोकळी पोझिशन येते, डी६ ला प्यादं टाकल्यावर उंट आपोआप सुटतो. मग मी हे पहिलं का सांगत नाही? कारण पांढऱ्याकडे खूप वेगवेगळे रस्ते असतात, स्पॅनिश, इटालियन, स्कॉच, किंग्ज गॅम्बिट, आणि प्रत्येकाला थोडंथोडं उत्तर लागतं. ज्याच्याकडे रोज तासभर आहे त्याने हेच घ्यावं. निदान दोन गोष्टी पाहिजेतच. एक, २. वजीर एच५ आला तर घाबरायचं नाही, घोडा सी६, आणि ३. उंट सी४ ला जी६, वजीर एफ३ ला गेला की घोडा एफ६. तिसऱ्या चालीलाच घोडा एफ६ केलात तर एफ७ वर मात, शाळेच्या स्पर्धांत हे नेहमी दिसतं. दोन, इटालियनमध्ये ३... घोडा एफ६ खेळणार असाल तर ४. घोडा जी५ ची तयारी करूनच या, ४... डी५ ५. ई प्याद्याने डी५, आणि इथे घोड्याने परत मारू नका, घोडा ए५ ने त्याच्या उंटाला हाकला. एवढी कटकट नको असेल तर तिसऱ्या चालीला उंट सी५ खेळा.

आणि ई५ ची ताकद बघायची असेल तर आपल्या नाशिकच्याच विदित गुजराथीचा २०२४ चा डाव काढा, टोरांटोला कॅन्डिडेट्समध्ये, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, दुसऱ्या फेरीत काळ्याने अमेरिकेच्या नाकामुराला हरवलेला. स्पॅनिशमधला बर्लिन बचाव, जो २००० साली क्रॅमनिकने वापरला आणि कास्पारोव्हला अख्ख्या सामन्यात एकही डाव जिंकू दिला नाही, तोच. लोक बर्लिनला बरोबरीचं ओपनिंग समजतात, आणि विदितने त्यातच उंट एच३ वर टाकून हल्ला केला. तो उंट कुठला? सी८ चाच! त्या रात्री मी तो डाव लाइव्ह बघत जागा होतो, आणि आपल्या गावचा मुलगा हे करतोय म्हटल्यावर जे वाटलं ते लिहून सांगता येणार नाही.

सिसिलियनबद्दल मला मनापासून सांगायचंय. १... सी५ हे फिशर आणि कास्पारोव्हचं हत्यार, आणि व्हिडिओंमध्ये सगळ्यात आकर्षक दिसणारं. मी स्वतः सुरुवातीला त्यातला नायडॉर्फ प्रकार पाठ केला होता, वहीत पंधरा-सोळा चालींपर्यंत. नाशिक रोडला एका स्पर्धेत ई४ आला, मी सी५, आणि समोरच्या काकांनी शांतपणे २. सी३ खेळलं. मला त्याच्या पुढे काहीच माहीत नव्हतं. पंधरा चालींची पाठांतरं दुसऱ्या चालीला संपली, आणि तो डाव मी पंचवीस चालींच्या आत हरलो. सिसिलियनमध्ये पांढऱ्याने मुख्य रस्ता घेतला तर खूप थिअरी आणि नाही घेतला तर चार-पाच आडरस्ते, असं दोन्हीकडून ओझं आहे. वर्षभर खेळून झाल्यावर, डावपेच पटकन दिसायला लागल्यावर घ्या. तोपर्यंत नको.

स्कँडिनेव्हियन, १... डी५ ने लगेच मारामारी. सोपं आहे, उंटही मोकळा सुटतो, १९९५ मध्ये आनंदने जगज्जेतेपदाच्या सामन्यात कास्पारोव्हविरुद्ध हे खेळून बघितलं होतं. तो डाव आनंद हरला, पण त्या पातळीवर वापरलं गेलं हे महत्त्वाचं. अडचण एवढीच की वजीर लवकर बाहेर येतो आणि त्याला पळवत पांढरा आपले मोहरे काढून घेतो. वेळ अगदीच कमी असेल तर चालेल.

तिसरी पायरी, १. डी४ ला उत्तर, आणि इथे एक हिशोबाची गोष्ट. कारो-कान घेतलंत तर डी४ ला स्लाव्ह घ्या, फ्रेंच घेतलंत तर क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड घ्या. पहिल्या जोडीत प्यादी सी६-डी५, दुसरीत ई६-डी५. प्याद्यांची रचना तीच राहिली की मोहऱ्यांची घरं तीच राहतात, आणि एका ओपनिंगमध्ये हरून शिकलेलं दुसऱ्यातही उपयोगी पडतं. एकाच्या खर्चात दोन, हे नवीन माणसासाठी फार मोठं आहे, कारण वेळ सगळ्यांकडे कमी असतो. ई४ ला एक आणि डी४ ला भलतंच काहीतरी घेतलं की डोक्यात दोन वेगळी दुकानं चालवावी लागतात.

स्लाव्ह असं, १. डी४ डी५ २. सी४ सी६ ३. घोडा एफ३ घोडा एफ६ ४. घोडा सी३. आता हात शिवशिवतो उंट एफ५ ला न्यायला, पण थांबा, लगेच नेला तर पांढरा डी५ मारून वजीर बी३ वर आणतो आणि बी७ व डी५ दोन्हीकडे बघतो, कारण बी७ चा रखवालदार उंटच होता. आधी ४... डी प्याद्याने सी४ मारायचं, ५. ए४ खेळून तो आपल्याला बी५ करू देत नाही, आणि त्याची ती चाल खर्च झाली की आपण उंट एफ५. मग ई६, उंट बी४, कॅसलिंग. सी४ चं प्यादं तो परत घेईल, घेऊ द्या, ते जपायला जाऊ नका. प्यादं जपण्याच्या हट्टाने काय होतं ते बघायचं असेल तर पटावर मांडा, १. डी४ डी५ २. सी४, डी प्याद्याने मारा, ३. ई३ बी५ ४. ए४ सी६ ५. ए प्याद्याने बी५, सी प्याद्याने परत, ६. वजीर एफ३. ए८ च्या हत्तीवर थेट नजर, आणि काहीही केलं तरी एक मोहरा जातोच.

क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्डमध्ये उंट बराच काळ आत राहतो, पण भक्कमपणात याला तोड नाही. डी५, ई६, घोडा एफ६, उंट ई७, कॅसलिंग, आणि नंतर सी५ ने मोकळं व्हायचं. यात एक सुंदर फास काळ्याच्या बाजूचा आहे, एलिफंट ट्रॅप म्हणतात. १. डी४ डी५ २. सी४ ई६ ३. घोडा सी३ घोडा एफ६ ४. उंट जी५ घोडा बी८ वरून डी७. पांढरा बघतो की एफ६ चा घोडा जखडलेला आहे, म्हणून डी५ मारतो, आपण ई प्याद्याने परत मारतो, तो ६. घोड्याने डी५ खातो. आणि आपण खुशाल घोड्याने घोडा मारायचा! तो ७. उंटाने वजीर घेणार, आपण उंट बी४ शह, त्याला मध्ये वजीर घालण्याशिवाय गत्यंतर नाही, वजीर घ्या, मग राजाने त्याचा डी८ चा उंट घ्या. हिशोब करा, एका प्याद्याच्या बदल्यात अख्खा घोडा वर. हे लावून बसायचं नसतं, तुम्ही नेहमीच्या चाली खेळता आणि समोरचा हावरेपणा करतो, म्हणून मला हा फास आवडतो.

किंग्ज इंडियन, घोडा एफ६, जी६, उंट जी७, डी६, कॅसलिंग, मग ई५. इथे सी८ च्या उंटाचं उत्तर वेगळंच आहे, तो सी८ वर बसूनच कामाचा असतो, कारण नंतर राजाच्या बाजूने हल्ला चढवताना एच३ पर्यंतची त्याची रेघ लागते. एक गोष्ट यानिमित्ताने सांगाविशी वाटते. जुन्या देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालायचं, त्या सवयीच्या माणसाला जी६, डी६, उंट जी७ अशी रचना अगदी स्वाभाविक, आणि १८५० च्या आसपास कोलकात्यात मोहेशचंद्र बॅनर्जी हे कॉक्रन नावाच्या स्कॉटिश खेळाडूविरुद्ध अशाच रचना खेळायचे, त्यांचे डाव आजही बघायला मिळतात. या ओपनिंगच्या नावात "इंडियन" आहे ते उगाच नाही. अभिमान वाटतोच, पण पहिलं ओपनिंग म्हणून मी हे देत नाही, पांढऱ्याला मधली सगळी घरं देऊन मग ती पाडायची हे जमायला अनुभव लागतो.

चौथी पायरी, बाकी सगळं. हल्ली क्लबमध्ये निम्मे लोक डी४ नंतर सी४ खेळतच नाहीत, उंट एफ४ काढून लंडन लावतात. त्याला वैतागू नका. डी५, घोडा एफ६, सी५, घोडा सी६, आणि वजीर बी६. उंट एफ४ ला गेल्यामुळे बी२ चं प्यादं उघडं पडलंय, त्याच्यावर बोट ठेवायचं. त्याने वजीर बी३ ने अडवलं तर सी४, वजीर सी२ ला मागे गेला की आपला उंट एफ५! तो उंट खाता येत नाही, कारण खाल्ला तर आपला वजीर बी२ मारतो आणि कोपऱ्यातला हत्ती अडकतो. ही चाल पहिल्यांदा खेळलात की काळ्याने खेळायची भीती बरीच जाईल. १. सी४ ला सी६ आणि डी५, १. घोडा एफ३ ला डी५, सी६ आणि उंट एफ५ किंवा जी४. तुमची रचना तीच, फक्त चालींचा क्रम मागेपुढे.

पाचवी पायरी, वही. साधी दोनशे पानी. डाव्या पानावर चाली, उजव्या पानावर प्रत्येक चालीचं कारण मराठीत, स्वतःच्या शब्दांत. "एच६, नाहीतर एच५ ने उंट मरतो" एवढं पुरे. कारण लिहिता आलं नाही तर ती चाल वहीत घालायची नाही. सुरुवातीला सहा-सात चालींपलीकडे जाऊ नका, तुमचा प्रतिस्पर्धीही त्याच्या पुढे पुस्तकातलं खेळणार नाहीये. कुठल्या चाली जास्त येतात ते लिचेसच्या ओपनिंग एक्सप्लोररमध्ये रेटिंगप्रमाणे गाळून बघता येतं, तुमच्या पातळीचे लोक काय खेळतात ते बघा, ग्रँडमास्टरचं नको. इंजिन, म्हणजे डाव तपासणारा प्रोग्राम, पांढऱ्याला थोडं पुढे दाखवेल, अर्ध्या प्याद्याहून कमी, त्यावरून ओपनिंग बदलायचं नाही.

सहावी पायरी, खेळा आणि प्रत्येक डावानंतर पाच मिनिटं द्या. ब्लिट्झ, म्हणजे काही मिनिटांचे झटपट डाव, नको, निदान पंधरा मिनिटांचे डाव. वहीतून मी बाहेर पडलो की तो पडला, कितव्या चालीला, आणि वहीत एकच ओळ नवीन. एका डावाला एकच ओळ. त्या मुलाच्या बाबांनी हे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे ऑक्टोबर छाटणीसारखं, सगळ्या काड्या ठेवल्या तर घड भरत नाही." इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं.

किती दिवस? सहा महिने किंवा पन्नास काळे डाव, जे नंतर संपेल ते. मध्ये तीन डाव लागोपाठ हरलात तरी बदलायचं नाही, आधी हरायचं कारण बघा. बहुतेक वेळा तुम्ही ओपनिंगमुळे हरलेलेच नसता, विसाव्या चालीला घोडा फुकट दिलेला असतो. बदलायचं कधी, तर वहीतलं सगळं येतंय, पोझिशन बरोबरीची मिळतेय, आणि तरी त्या पोझिशनमध्ये खेळायला कंटाळा येतोय असं झालं तर. कंटाळा हे खरं कारण आहे, हरणं नाही.

आणि मुलांच्या आईबाबांना एक विनंती. स्पर्धेच्या आदल्या रात्री नवीन ओपनिंग दाखवू नका, कुणीतरी सांगितलं म्हणून कोच बदलला तसं ओपनिंगही बदलू नका. वहीतली दोन पानं वाचू द्या आणि लवकर झोपू द्या.

पिंपळगावच्या मुलाने कारो-कान आणि स्लाव्ह घेतलं. मार्चमध्ये एका स्पर्धेत त्याला तीन डाव काळ्याने आले. दोन जिंकला, त्यातल्या एकात ४. एच४ आला होता आणि त्याने एच५ खेळून मान वर करून माझ्याकडे बघितलं, मी लांब पालकांच्या रांगेत होतो. तिसऱ्यात उंट एफ५ ला, मग जी६ ला, सगळं नीट, मधल्या डावात एक प्यादं वरही होता, आणि शेवटी हत्ती आणि प्याद्यांच्या खेळात त्याला ते जिंकता आलं नाही, बरोबरीत सुटला. बाहेर येऊन म्हणाला, "काका, आता सुरुवातीचं जमतंय, शेवटचं येत नाही." पुढच्या शनिवारपासून आम्ही हत्तीचे एंडगेम घेतलेत.